वीस बोंडे, एक चळत आणि ‘बहुतेक’

कपाशीला बोंडे धरू लागली की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या शेतांत गुलाबी बोंडअळीची पाहणी सुरू होते. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची 20 हिरवी बोंडे तोडायची, धुऱ्यावर बसून ती एकेक फोडायची आणि 2 बोंडांत, म्हणजे 10 टक्के बोंडांत, अळी सापडली तर फवारणीची वेळ आली असे समजायचे, असा सल्ला शेतकऱ्याला दिला जातो. बारीक अळी आत शिरल्यावर तिचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून धड दिसते, त्यामुळे फोडून पाहण्यावाचून इलाज नसतो.

धुऱ्यावरच्या या कामात तर्कशास्त्रातला एक मोठा विषय दडलेला आहे. ‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’, ‘बहुतेक’ या शब्दांना क्वांटिफायर म्हणतात. ‘किडके’ हा शब्द एखाद्या बोंडाबद्दल काही सांगतो, ‘बहुतेक’ मात्र कोणत्याच एका बोंडाबद्दल काही सांगत नाही. बोंडांच्या ढिगाचा किती भाग किडक्यांत मोडतो, एवढेच तो सांगतो.

आता प्रत्येक शब्दासाठी किती बोंडे फोडावी लागतात आणि किती लक्षात ठेवावे लागते ते पाहू. तर्कशास्त्रात ‘काही’चा अर्थ ‘निदान एक’ असा घेतात, त्यामुळे ‘काही बोंडे किडकी आहेत’ हे पहिले किडके बोंड सापडताच सिद्ध होते आणि सुरी खाली ठेवता येते. ‘एकही किडके नाही’ म्हणायचे तर शेवटच्या बोंडापर्यंत जावे लागते, परंतु लक्षात मात्र एवढेच ठेवायचे असते की आतापर्यंत किडके निघाले की नाही. ‘निदान 2’ साठी शून्य, एक आणि दोन अशा तीनच अवस्था पुरतात.

‘अर्ध्याहून अधिक’ या अर्थाच्या ‘बहुतेक’पाशी हा हिशेब मोडतो. बोंडे किती येणार हे आधी ठाऊक नसेल, तर अशा ठरावीक अवस्थाच लक्षात ठेवणारे कोणतेही कल्पित यंत्र कुठेतरी फसतेच; त्याला एक चळत द्यावी लागते. हाती आलेले बोंड चळतीतल्या बोंडांच्याच जातीचे निघाले तर ते वर ठेवायचे, विरुद्ध निघाले तर चळतीतले एक काढून दोन्ही फेकून द्यायचे आणि शेवटी चळतीत किडकी उरली तर बहुतेक बोंडे किडकी आहेत असे म्हणायचे. ही चळत किती उंच जाईल हे आधी सांगता येत नाही आणि अडचण नेमकी तीच आहे. क्वांटिफायरांकडे अशा यंत्रांच्या नजरेने पाहण्याची पद्धत योहान व्हान बेन्थेम या डच तर्कशास्त्रज्ञाने 1986 मध्ये मांडली.

या दृष्टीने पाहिले तर 20 बोंडांचा सल्ला मला फार शहाणपणाचा वाटतो. ‘10 टक्के’ हा प्रमाणाचा प्रश्न आहे आणि बोंडांची संख्या मोकळी सोडली तर त्यालाही चळत लागते. पण 20 हा आकडा बांधून दिला की ‘निदान 2’ एवढा साधा मोजणीचा प्रश्न उरतो आणि तो कोणीही बोटांवर सोडवू शकतो.

ॲरिस्टॉटलच्या ठरीव विधानांत क्वांटिफायर एकेकच असे. एका वाक्यात अनेक क्वांटिफायर एकमेकांच्या पोटात कसे बसतात, याची नेटकी मांडणी गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने 1879 मध्ये केली. ‘प्रत्येक गावाला एक तलाठी आहे’ हे वाक्य घ्या. गावागणिक कोणी ना कोणी तलाठी आहे असा एक अर्थ, तर सगळ्या गावांना मिळून तोच एक तलाठी आहे असा दुसरा. एका सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, अनेक गावे असल्यामुळे आपल्याकडे या दोन अर्थांची गल्लत सहज होते. दुसऱ्या अर्थावरून पहिला निघतो, पण पहिल्यावरून दुसरा निघत नाही. फरक आहे तो फक्त ‘प्रत्येक’ आधी की ‘एक’ आधी, एवढाच.

नकार आला की मराठीत आणखी गुंता होतो. ‘सगळी बोंडे फुटली नाहीत’ याचा अर्थ एकही फुटले नाही, की थोडी राहिली? वेचणीला बाया सांगायच्या असतील तर हा फरक मजुरीवर जातो. म्हणून आपण ‘सगळीच काही फुटली नाहीत’ असे म्हणतो. गंमत अशी की इथला ‘काही’ क्वांटिफायर उरतच नाही, तो नुसता नकाराला टेका देतो.

फ्रेगेनंतरच्या तर्कशास्त्राने ‘सर्व’ आणि ‘आहे’ (म्हणजे ‘निदान एक आहे’) या दोनच क्वांटिफायरांवर गणिताचा मोठा डोलारा उभा केला. मात्र ‘बहुतेक’ या दोहोंतून, वाक्य कितीही लांबवले तरी, बांधता येत नाही, हे तर्कशास्त्रज्ञ जॉन बारवाइज आणि भाषाशास्त्रज्ञ रॉबिन कूपर यांनी 1981 च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात दाखवले. रोजच्या बोलण्यातला इतका साधा शब्द या चौकटीबाहेर राहावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

संगणकाला हे शब्द आयते कळत नाहीत, ते त्याला उलगडून द्यावे लागतात. बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांचाही, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांचाही, एक निकष आहे: सलग 3 रात्री दर सापळ्यामागे 8 पतंग. मोबाइलवर इशारा देणारा प्रोग्राम लिहायचा तर ‘सलग 3 रात्रींचा असा एक गट आहे, की त्यातल्या प्रत्येक रात्री…’ इथपर्यंत क्रम सरळ लागतो. पुढे ‘दर सापळ्यामागे’ म्हणजे प्रत्येक सापळ्यात 8, की सरासरीने 8? समजा, शेतातल्या 5 सापळ्यांत तिन्ही रात्री 20, 14, 3, 2 आणि 1 असे पतंग पडले. बेरीज 40, सरासरी बरोबर 8. पहिल्या अर्थाने लिहिलेला प्रोग्राम गप्प बसेल आणि दुसऱ्या अर्थाने लिहिलेला तिसऱ्या रात्रीनंतर घंटी वाजवील.