सल्लागार प्रस्तावांचे मूल्यमापन

शासकीय खरेदीत सल्लागार नेमण्यासाठी मागवलेल्या प्रस्तावांची गुणवत्ता आणि किंमत तपासून त्यांतून एकाची निवड करण्याची पद्धत. सिमेंट किंवा संगणक घ्यायचे असतील तर मालाचा दर्जा आधी ठरवता येतो. तो दर्जा पाळणाऱ्यांतला सर्वांत कमी दराचा, कार्यालयीन बोलीतला ‘एल-वन’, निवडला की काम भागते. पुलाचा व्यवहार्यता अहवाल किंवा पाणीपुरवठ्याचा आराखडा यांचे तसे नाही. तिथे विकत घेतली जाते ती माणसांची जाण, आणि ती हाती येण्याआधी तपासता येत नाही. सल्ल्याचे शुल्क प्रकल्पाच्या खर्चापुढे किरकोळ असते. पण आराखडा चुकला की बांधकामाचा सगळा पैसा चुकीच्या जागी जातो.

मूल्यमापनाचा पाया कार्यकक्षेत, म्हणजे सल्लागाराने नेमके काय करून द्यायचे याच्या वर्णनात असतो. कार्यकक्षा मोघम असेल तर प्रत्येक जण वेगळेच काम गृहीत धरून दर भरतो, आणि मग समितीला जुळत नसलेल्या गोष्टींची तुलना करत बसावे लागते. एरवी क्रम ठरलेला आहे : स्वारस्य अभिव्यक्ती, म्हणजे काम करायला उत्सुक संस्थांची पत्रे मागवायची, आलेल्या संस्थांची लघुयादी करायची आणि तिच्यातल्या संस्थांकडून सविस्तर प्रस्ताव घ्यायचे. जागतिक बँकेच्या 2016 पासून लागू झालेल्या नियमांत ही यादी साधारण पाच ते आठ संस्थांची असावी अशी अपेक्षा आहे.

प्रस्ताव दोन लिफाफ्यांत येतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतो. आर्थिक लिफाफा तांत्रिक गुण नक्की होईपर्यंत बंद राहतो आणि किमान गुण न मिळालेल्यांचा तर न उघडताच परत जातो. ई-निविदेत लिफाफ्याची जागा संगणकीय कुलपाने घेतली असली तरी कारण तेच : किंमत डोळ्यांसमोर असली की स्वस्त प्रस्तावाची कार्यपद्धतीही बरी वाटू लागते, किंवा आवडत्या प्रस्तावाला तेवढे गुण वाढवून देण्याचा मोह होतो.

तांत्रिक गुणांची विभागणी कळीची असते. जागतिक बँकेच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभरपैकी संस्थेच्या अनुभवाला फार तर 10, कार्यपद्धतीला 20 ते 50 आणि प्रमुख तज्ज्ञांना 30 ते 60 गुण ठेवता येत. अनुभवाला इतके कमी का, असा प्रश्न नवख्या सदस्याला पडतो. एक तर अनुभव लघुयादी करतानाच तपासून झालेला असतो. शिवाय काम नाव कमावलेली संस्था करत नाही, तिने पाठवलेली माणसे करतात. प्रत्यक्षात मात्र अनेक कार्यालये उलटेच करतात. उलाढाल आणि पूर्वीच्या कामांची संख्या मोजायला सोपी आणि लेखापरीक्षणात सांगायला सोयीची, म्हणून गुणांचा मोठा वाटा तिकडे जातो. कार्यपद्धतीचे गुण देताना डोके चालवावे लागते आणि सहीनिशी कारणही लिहावे लागते. ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘असमाधानकारक’ म्हणजे नेमके काय, हे प्रस्ताव उघडण्यापूर्वी लेखी ठरले नसेल, तर सदस्यांच्या गुणांची सरासरी ही केवळ आवडीनिवडींची सरासरी ठरते.

पुढचा टप्पा गुणवत्ता आणि खर्च यांच्या भारित बेरजेचा, म्हणजे दोन्हींना ठरावीक वजन (भारांक) देऊन केलेल्या बेरजेचा, प्रचलित नावाने ‘क्यूसीबीएस’चा. सर्वांत कमी दराला 100 आर्थिक गुण मिळतात. इतरांचे गुण किमान दराला त्यांच्या दराने भागून 100 ने गुणले की निघतात. सूत्र निःपक्षपाती दिसते, पण त्यात एक खोच आहे. समजा, तांत्रिक गुणांचा भारांक 70 आणि आर्थिक गुणांचा 30 टक्के आहे. ‘अ’चे तांत्रिक गुण 90 व दर 100, ‘ब’चे गुण 80 व दर 75. एकूण गुण ‘अ’चे 85.5 आणि ‘ब’चे 86 होतात, म्हणजे ‘ब’ जिंकतो. आता जेमतेम पात्र ठरलेला ‘क’ 60 तांत्रिक गुण आणि 50 दर घेऊन आला, तर ‘अ’ला 78, ‘ब’ला 76 आणि ‘क’ला 72 गुण मिळतात. ‘क’ शेवटचाच राहतो, पण त्याच्या नुसत्या येण्याने काम ‘ब’कडून ‘अ’कडे जाते. ‘अ’ने ‘क’ला मुद्दाम उभे केले असेल, तर नुसत्या बेरजा तपासणाऱ्याला काहीच सापडणार नाही.

भारांक किती ठेवावेत याबाबत मतभेद आहेत. भारताच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधील नियम 192 नुसार तांत्रिक भारांक 80 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. लेखापरीक्षणासारख्या ठरावीक साच्याच्या कामासाठी नियम 193 मध्ये किमान खर्चाची पद्धत दिली आहे. अमेरिका दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या संघीय शासनाला वास्तुरचना आणि अभियांत्रिकी सेवांसाठी 1972 च्या ब्रुक्स कायद्यानुसार आधी सर्वांत पात्र संस्था निवडावी लागते. शुल्काची बोलणी त्यानंतर, आणि ती फिसकटली तरच दुसऱ्या क्रमांकाची संस्था. यांखेरीज निधी आधीच जाहीर करून त्यात बसणारा सर्वोत्तम प्रस्ताव घेण्याची पद्धतही आहे.

हितसंबंधांची तपासणी गुणांच्या बाहेरची असते. जो आराखडा बनवतो त्याने त्याच आराखड्यावरच्या बांधकामाची निविदा भरू नये, आणि ज्याने कार्यकक्षा लिहून दिली त्याने त्या कामासाठी प्रस्ताव देऊ नये, हा सर्वत्र मान्य असलेला दंडक आहे. समितीच्या सदस्यांकडूनही तसे घोषणापत्र घेतले जाते.

निवडीनंतरच्या वाटाघाटी कार्यपद्धती, वेळापत्रक आणि तज्ज्ञांच्या उपलब्धतेपुरत्या असतात. किंमत आधीच गुणांत धरलेली असल्याने तज्ज्ञांच्या दरांवर पुन्हा घासाघीस करणे नियमाला धरून नाही. या बैठकीत सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे माणसांची अदलाबदल. प्रस्तावात ज्येष्ठ तज्ज्ञाची माहिती जोडून भरघोस गुण मिळवायचे आणि करार झाल्यावर कनिष्ठाला पाठवायचे, ही जुनी खोड आहे. त्यामुळे बदली तज्ज्ञ मूळच्या तोडीचा किंवा त्याहून सरस असावा आणि त्याला ग्राहक कार्यालयाची लेखी मान्यता असावी, असे कलम करारात घालतात.