महोगनी नसली तर इलेक्ट्रिक गिटार होत नाही? कोण म्हणतंय!

बेळगावात गिटार बनवायचं काढलं की कोणतरी सांगतोच, बाहेरचं महोगनी लाकूड नसेल तर आवाजच यायचा नाही. तसं काही नाही ओ. मिरजेच्या सतारीत भोपळा न् लाकूडच आवाज घुमवतं, पण इलेक्ट्रिक गिटारीत तारेखाली बसतो तो पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे, वर स्टीलची तार हलली की त्यात करंट तयार होतो, तो मुख्यतः तारेचंच ऐकतो. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलनं साध्या पाइनच्या ओंडक्यावर गिटार केली, क्वीन बँडच्या ब्रायन मेनं १९६३ साली वडिलांसोबत करायला घेतलेल्या गिटारीच्या अंगाचा मधला भाग जुन्या ओकच्या टेबलाचा. लाकडानं थोडाफार फरक पडतो का यावर भांडणं चालू आहेत, चालू देत.

खानापूरकडचा सागवान घ्या नाहीतर फणस, फक्त चांगला वाळलेला बघा, ओला पिळतो. खरी गोची मापात: ६४८ मिमी स्केल (वाजणाऱ्या तारेची ठरवलेली लांबी) असेल तर नटापासून (मानेच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, टोकाची खाचांची पट्टी) बारावी फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) बरोबर ३२४ वर आणि ब्रिजची सॅडल (दुसऱ्या टोकाला तार टेकते तो तुकडा) ६४८ च्या जरा मागंच, जाड तारेला अजून मागं, नाहीतर वरच्या फ्रेटवर सूर चढा लागतो. पहिल्या वेळी मान तयार विकत आणा, फ्रेटच्या खाचा पाडायच्या नादाला आत्ताच लागू नका.