दुष्काळ, जनुकं आणि पोटाचा घेर

माण-खटावात किंवा पलीकडे आटपाडी-जतमध्ये शुगरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘दुष्काळी अंग आपलं, चार घास जास्त झाले की पोटावर दिसतात.’ या समजाला शास्त्रातही एक जुना आधार आहे. उपासमारीत चरबी साठवून माणसाला तगवणारी जनुकं पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि सुबत्ता आल्यावर तीच अंगलट आली, अशी मांडणी १९६२ साली एका अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने केली.

मांडणी पटकन पटते, आणि घोळ तिथेच आहे. या पट्ट्याने १८७६-७८चा दुष्काळ भोगला, १८९६चाही. पण चार-पाच पिढ्यांत एखादं जनुक गावभर पसरत नाही. शिवाय दुष्काळात निव्वळ उपाशी मरणाऱ्यांपेक्षा पटकी, हगवण, हिवताप यांनी जाणारे जास्त, आणि त्यातही लहान मुलं आणि म्हातारी माणसंच अधिक. सडपातळ गेले आणि अंगाने भरलेले उरले, अशी चाळण लागली कधी? बहात्तरला तर खडी फोडायची कामं, रेशनचा लाल मिलो आणि सुकडी यांवर बहुतेक माणसं तगली. तरी व्याख्यानांत दाखला बहात्तरचाच!

पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासाने वेगळंच दाखवलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेराने, स्नायूंनी बारीक. पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. यात जनुकांचा वाटा किती आणि आईच्या पोषणाचा किती, यावर अजून वाद आहे.

१९९४ मध्ये भुकेला लगाम घालणारं लेप्टिन हे संप्रेरक सापडलं. २००७ मध्ये लठ्ठपणाशी जोडलेलं ‘एफटीओ’ हे जनुक पुढे आलं. त्याच्या आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती जोखमीच्या असल्या तर वजन सरासरी ३ किलोने जास्त भरतं. अंगमेहनत करणाऱ्यांत हा परिणाम २७ टक्क्यांनी सौम्य होतो, असं २०११ मध्ये दिसलं. पुढे असे शेकडो छोटे फरक सापडले. त्यांतले काही तर चरबी किती साठते यापेक्षा कुठे साठते ते ठरवतात: कातडीखालची जागा अपुरी पडली की चरबी यकृतात, पोटाच्या आत जाते.

हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, अशा माणसाचं वजन काट्यावर ठीकच दिसतं. म्हणून २००९ मध्ये भारतीयांसाठी लठ्ठपणाची बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मर्यादा ३० वरून २५ वर आणली गेली. कंबरेचा घेर पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ठरला. शिबिरांत मात्र बऱ्याचदा अजून वजनकाट्यावरच भागवतात. टेप कुणी काढत नाही.