वेब डिझाइन आणि वेब डेव्हलपमेंट

संकेतस्थळ घडवण्याच्या कामाचे हे दोन भाग आहेत. वाचकाला पडद्यावर काय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रूपात दिसावे, कुठे बोट टेकवल्यावर काय व्हावे आणि चुकल्यास त्याला परतीची वाट कशी सापडावी हे ठरवणे म्हणजे वेब डिझाइन. ठरलेली ही रचना ब्राउझरमध्ये आणि सर्व्हरवर (संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते त्या संगणकावर) प्रत्यक्ष चालेल अशा संगणकीय भाषेत लिहिणे, माहिती साठवणे, सांभाळणे आणि मागितली की बिनचूक परत देणे म्हणजे वेब डेव्हलपमेंट. पहिले काम दिसण्याचे आणि दुसरे चालण्याचे, असे थोडक्यात सांगण्याचा प्रघात आहे. परंतु त्यामुळे डिझाइन म्हणजे शेवटी चढवायची सजावट असा समज होतो आणि तो कामाच्या मुळावर येतो. खरा फरक निर्णयांच्या प्रकारात आहे, आणि सर्वांत अवघड निर्णय दोघांच्या हद्दीवरच पडलेले असतात.

पुण्यातील एखाद्या मंगल कार्यालयाचे संकेतस्थळ घेतले तर हे नीट दिसते. ते उघडणारी वधूपक्षाकडची किंवा वरपक्षाकडची मंडळी सभागृहाची छायाचित्रे पाहायला आलेली नसतात. हव्या त्या मुहूर्ताची तारीख मोकळी आहे का, एका पंगतीला किती पाने बसतात, बाहेरचा केटरर चालतो का आणि गाड्या कुठे लावायच्या, हे त्यांना आधी हवे असते. ही उत्तरे पहिल्या पडद्यावर आणणे, मोकळ्या व आरक्षित तारखा केवळ हिरव्या-लाल रंगाने न दाखवता शब्दानेही दाखवणे (रंगांधळ्या माणसाला त्या दोन रंगांत फरक दिसेलच असे नाही), आणि आगाऊ रक्कम भरण्याआधी ती परत मिळण्याच्या अटी समोर ठेवणे हे डिझायनरचे काम. डेव्हलपरपुढचा प्रश्न वेगळा असतो. दोन कुटुंबांनी एकाच तारखेसाठी एकाच क्षणी ‘आरक्षित करा’ हे बटण दाबले, तर डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या संगणकीय साठ्यात, एकाच नावाची नोंद झाली पाहिजे. बँकेतून पैसे वळते झाले पण पोच येण्याआधी नेटवर्क तुटले, तर व्यवहार अर्धवट लटकता कामा नये. आता ज्या कुटुंबाची तारीख डोळ्यांदेखत हुकली, त्याला पडद्यावर काय सांगायचे? असा प्रसंग येऊ शकतो हे डेव्हलपरला ठाऊक असते, तर तो शब्दांत कसा मांडावा आणि त्या माणसापुढे लगेच कोणत्या जवळच्या तारखा ठेवाव्यात हे डिझायनरला उमजते. दोघे एकमेकांशी बोलले नसतील तर त्या जागी इंग्रजीतला एखादा त्रुटी-क्रमांक झळकतो, आणि कार्यालयाचा फोन दिवसभर वाजत राहतो.

ही विभागणी वेबच्या जन्मापासूनची नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत मांडलेली आणि १९९१ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली वेब ही मुळात संशोधकांची कागदपत्रे एकमेकांना जोडण्याची सोय होती. तिथे रूपाला फारसे स्थान नव्हते. १९९३ मध्ये आलेल्या मोझेक ब्राउझरने मजकुराबरोबर चित्रे दाखवणे रूढ केले आणि पानाच्या मांडणीचा विचार आवश्यक झाला. होकोन व्ह्यूम ली यांनी १९९४ मध्ये सुचवलेली आणि १९९६ मध्ये मानक म्हणून मान्य झालेली सीएसएस ही पद्धत या बाबतीत निर्णायक ठरली, कारण तिने मजकुराची रचना एचटीएमएल या पानाचे भाग नोंदवणाऱ्या भाषेकडे ठेवून त्याचे रूप वेगळ्या नोंदीत लिहिण्याची मुभा दिली. १९९५ मध्ये ब्राउझरसाठी जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरसाठी पीएचपी या संगणकीय भाषा आल्या. तरीही कित्येक वर्षे ‘वेबमास्टर’ नावाचा एकच माणूस सगळे करीत असे. २००७ मध्ये आयफोन आल्यानंतर एकच पान लहानमोठ्या पडद्यांवर नीट बसवण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनच्या कल्पनेने त्याला उत्तर दिले, पण त्याचबरोबर ठरावीक रुंदीचे एक सुबक चित्र काढून डेव्हलपरकडे सोपवण्याची जुनी रीत मोडीत काढली.

आज या दोहोंच्या मध्ये फ्रंट-एंड डेव्हलपर उभा असतो. फिग्मासारख्या साधनात आखलेले पान तो एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये उतरवतो. डेटाबेस, लॉगिन, पैशांचे व्यवहार आणि सर्व्हर ही बॅक-एंडची जबाबदारी. दोन्ही बाजू सांभाळणाऱ्याला फुल-स्टॅक म्हणतात. दृष्टी अधू असलेल्यांसाठीच्या सोयी याच मधल्या पट्ट्यात येतात. आंतरराष्ट्रीय निर्देशांनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते. ते पाळणारे रंग डिझायनर निवडतो. चित्राचे वर्णन पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मिळावे आणि माउसशिवाय केवळ कळफलकावर पान वापरता यावे, हे डेव्हलपर पाहतो.

मराठी संकेतस्थळात मात्र ही हद्द अक्षरापाशीच पुसट होते, आणि पुण्याशी या विषयाचा जुना संबंध आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे मोठे काम केले आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतांचे (प्रत्येक अक्षर संगणकात कोणत्या क्रमांकाने साठवायचे याचे) मानक ठरले. पण वेबवर बराच काळ मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फॉन्टच्या खाजगी संकेतांत साठवला जात असे. योग्य फॉन्ट असला की पान देखणे दिसे. तो नसला की रोमन अक्षरांची निरर्थक जंत्री समोर येई, आणि शोधयंत्राला तर ती मराठी आहे हे कळतच नसे. रूप साधले होते, मजकूर हरवला होता. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी होती; तिचा वापर वेबवर रुळल्यानंतर अक्षराचा संकेत आणि त्याचे वळण वेगळे झाले, आणि दोन्ही कामांची नीट वाटणी शक्य झाली.

वाटणी झाली तरी परस्परांची जाण लागतेच. ‘मूर्ती’ या शब्दात रेफ आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर, तर ऊकार खाली जातो. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवले, तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ काही फॉन्टमध्ये उपलब्ध असूनही पडद्यावर हिंदी वळणच दिसते, कारण पानाची भाषा मराठी असल्याची नोंद डेव्हलपरने एचटीएमएलमध्ये केलेली नसते. डिझायनरने कितीही चांगला फॉन्ट निवडला तरी त्या एका नोंदीवाचून तो वाया जातो. बटणाची रुंदी ‘सबमिट’ एवढ्या शब्दावर बेतली आणि नंतर तिथे ‘अर्ज सादर करा’ लिहावे लागले की मांडणी फुटते. म्हणून नमुन्यासाठी इंग्रजी किंवा लॅटिन भरताड न वापरता पहिल्या आराखड्यापासून खरा मराठी मजकूर घालणे हाच योग्य मार्ग आहे.

दुसऱ्या, म्हणजे डेव्हलपमेंटच्या बाजूचे दोषही तितकेच ठळक असतात. डेटाबेसचा तक्ता युनिकोडसाठी लावलेला नसला तर ग्राहकाचे नाव प्रश्नचिन्हांच्या ओळीत बदलते. नावांची यादी निव्वळ युनिकोडच्या क्रमाने लावली तर ‘ळ’ हा ‘ह’नंतर न येता ‘ल’ला लागूनच येतो, आणि क्षीरसागर हे आडनाव ‘क’च्या गटात जाते, मराठी वाचक ते यादीच्या शेवटी शोधतो आणि ते नाहीच असे समजून निघून जातो. मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत लिहिला तर बरेच अर्ज तो ‘अवैध’ ठरवतात, कारण तपासणीचा नियम लिहिताना ० ते ९ हे अंक फक्त इंग्रजी (0-9) रूपात गृहीत धरलेले असतात. यांतले काहीही डिझाइनच्या नुसत्या चित्रात दिसत नाही.

पुण्यात या दोन्ही क्षेत्रांकडे येण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. डिझाइनकडे अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांतून उपयोजित कला शिकलेले, तसेच सिम्बायोसिस आणि एमआयटी यांच्या डिझाइन संस्थांतून आलेले विद्यार्थी वळतात. डेव्हलपमेंटकडे अभियांत्रिकी, बीसीए-एमसीए आणि सी-डॅकच्या पदविका अभ्यासक्रमांतून येणारे अधिक. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील मोठ्या कंपन्यांत ही पदे स्वतंत्र असतात. कोथरूड किंवा पेठांमधील छोट्या कार्यालयांत मात्र एकच माणूस वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर तयार साचा बसवून दोन्ही कामे उरकतो, आणि किराणा दुकान, क्लास किंवा दवाखान्याच्या साध्या माहितीपानासाठी तेवढे पुरतेही. आरक्षण, ऑनलाइन भरणा किंवा रुग्णांच्या नोंदी आल्या की ते पुरत नाही.

काम देणाऱ्याला हा फरक बहुधा कोटेशनमध्ये पहिल्यांदा भेटतो. ‘पाच पानांची वेबसाइट’ अशा एका ओळीत आणि एका रकमेत सगळे लिहिले असेल, तर आराखडा, मराठी मजकुराची जुळवणी, कोडिंग, चाचणी, होस्टिंग (संकेतस्थळ सर्व्हरवर ठेवण्याची सोय) आणि पुढची देखभाल यांची फोड मागून घ्यावी. डिझाइनच्या मूळ फाइली, कोड आणि डेटाबेसची प्रत कोणाकडे राहणार हे लेखी असावे, आणि डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) काम करून देणाऱ्याच्या नव्हे तर मालकाच्या स्वतःच्या नावावर नोंदवलेले असावे. ते तसे नसेल तर वर्षभराने नूतनीकरणाची वेळ आल्यावर चालू संकेतस्थळही मालकाच्या हातून जाऊ शकते.