खंडपीठात केस ‘पहिल्यापासून’ चालत नाही
नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या चहाटपरीवर हमखास ऐकू येतं: ‘ग्राहक आयोगात हरलो तर काय, खंडपीठात रिट टाकू, सगळं पहिल्यापासून होईल.’ होत नाही. (खंडपीठ म्हणजे मुंबई हायकोर्टाचं नागपुरातलं पीठ; रिट म्हणजे तिथे केलेली याचिका.) फसव्या जाहिरातीवर जिल्हा आयोगाने निकाल दिला, तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करायचं. ज्याच्यावर पैसे भरायचा आदेश आहे, त्याने आधी निम्मी रक्कम जमा करायची. (इथेच अनेकांचा जोर ओसरतो.) राज्यघटनेच्या अनुच्छेद 227खाली, म्हणजे खालच्या न्यायालयांवर आणि आयोगांवर देखरेखीच्या अधिकारात, हायकोर्ट मुख्यतः पाहतं, आयोगाने अधिकाराबाहेर पाऊल टाकलं का, दुसऱ्या बाजूचं ऐकलं का. पत्रकातल्या ‘शंभर टक्के हमी’खालची बारीक अक्षरं पुन्हा वाचायला ते सहसा बसत नाही. ‘हायकोर्टाचं दारच बंद’ हेही खोटं. राष्ट्रीय आयोगाच्या अपिली आदेशाविरुद्धही तिथे जाता येतं, असं सुप्रीम कोर्टाने 2022मध्ये स्पष्ट केलंय.