मारुती ८०० : क्लचचे दोषनिदान व दुरुस्ती

इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सला जोडणारी आणि हवी तेव्हा तोडणारी यंत्रणा म्हणजे क्लच. मारुती ८०० या मोटारीत (उत्पादन १९८३ ते २०१४) तो कोरडा, एकाच प्लेटचा व डायफ्रॅम स्प्रिंगचा (मध्याकडे बोटांसारखे पट्टे असलेल्या बशीवजा स्प्रिंगचा) असतो. पायाचा दाब त्याच्यापर्यंत तेलाच्या नळीतून नव्हे, तर पोलादी वायरीने पोहोचतो. त्यामुळे या क्लचची बरीच दुखणी बॉनेट उघडून एक नट फिरवला की बरी होतात. वायर न तपासल्याने गिअरबॉक्स नाहक खाली उतरवल्याचे प्रकारही तितकेच जुने आहेत.

रचना : ७९६ घ. सेंमी.चे तीन सिलिंडरचे इंजिन बॉनेटखाली आडवे बसते, गिअरबॉक्स त्याच्या बगलेला असतो आणि ओढ पुढच्या चाकांना मिळते. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक) व प्रेशर प्लेट (स्प्रिंगच्या जोराने दाबणारी तबकडी) यांच्या चिमटीत क्लच प्लेट धरलेली असते. तिच्या दोन्ही तोंडांवर घर्षणाचे अस्तर रिव्हेटने बसवलेले असते. मधला दातेरी हब गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर पुढे-मागे सरकतो. पेडल दाबले की वायर गिअरबॉक्सवरची रिलीज आर्म ओढते, आतला फोर्क रिलीज बेअरिंगला डायफ्रॅमच्या बोटांवर रेटतो आणि चिमटी सुटून प्लेट मोकळी होते.

प्ले : पेडल हाताने दाबून पाहिल्यास सुरुवातीचे साधारण दोन सेंटीमीटर ते विनासायास जाते, मग जड लागते. या मोकळ्या चालीला प्ले म्हणतात. वायरीच्या आर्मकडील टोकाला आटे असतात. तिथला नट आवळला की प्ले कमी होतो, सैल केला की वाढतो. झिजलेली वस्तू ढिली होते हा रोजचा अनुभव, पण इथे उलटे घडते. अस्तर झिजले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, डायफ्रॅमची बोटे बेअरिंगकडे उचलली जातात आणि प्ले कमी कमी होत जातो. तो संपला की चालकाचा पाय पेडलवर नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. मग तो घसरतो, तापतो आणि आणखी झिजतो. वायर ताणली गेली तर मात्र प्ले वाढतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असल्याने वर्षभरानंतर प्ले ठीक दिसला, म्हणून प्लेटही ठीक असे मानता येत नाही.

घसरणारा क्लच : इंजिन ओरडते, गाडी पळत नाही. मारुतीच्या साध्या मॉडेलमध्ये आरपीएमचा काटा नसल्याने ही तक्रार कानानेच पकडावी लागते. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज चढतो, पण वेगाचा काटा जागचा हलत नाही. चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकीचा घाट चढताना हे हमखास उघड होते, आणि जळक्या अस्तराचा वासही येतो. सपाटीवर परीक्षा घ्यायची तर हँडब्रेक घट्ट ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडतात. इंजिन लगेच बंद पडले तर पकड शाबूत आहे. घरघरत चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी, कारण परत परत घेतल्यास चांगले अस्तरही जळते. घसरण दिसली तरी पहिला हात नटालाच लावावा. प्ले योग्य करूनही घसरण राहिली, तर प्लेट झिजली आहे, प्रेशर प्लेटचा जोर गेला आहे किंवा अस्तराला तेल लागले आहे. हाउसिंगच्या (क्लचवरच्या धातूच्या कवचाच्या) तळाशी तेलाचा थेंब सापडला तर तो बोटावर घेऊन हुंगतात. काळे, फारसा उग्र वास नसलेले तेल इंजिनाचे, म्हणजे क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील गेलेले. गंधकासारखा उग्र दर्प आला तर ते गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचे सील. सील न बदलता नुसती नवी प्लेट टाकणे म्हणजे पैसे पाण्यात.

न सुटणारा क्लच : गिअर पडत नाही, पडला तर खरखरून पडतो. रिव्हर्स गिअरला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी दात्यांचा वेग जुळवणारा भाग) नसतो, त्यामुळे खरी कसोटी तिथे लागते. पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही दाते खरखरले तर प्लेट अजून फिरते आहे. प्ले जास्त असणे हे नेहमीचे कारण. पेडलखाली जाडजूड रबरी मॅट घातल्याने पेडल तळापर्यंत न जाणे हे दुसरे, आणि ते गॅरेजमध्येही चटकन कोणाच्या लक्षात येत नाही. याशिवाय वाकडी झालेली प्लेट किंवा स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टच्या लांबट खाचांवर) अडकणारा हब हीही कारणे असतात. कोकणात पावसाळाभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर क्लच अजिबात सुटत नाही, कारण दमट हवेत गंज धरून प्लेट फ्लायव्हीललाच चिकटलेली असते.

आवाज व थरथर : पेडलवर पाय टेकताच किरकिर सुरू होत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा. उलट न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि पेडल दाबताच ती थांबते, तेव्हा संशय गिअरबॉक्समधल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो; त्यासाठी क्लच सेट बदलून उपयोग नाही. पहिल्या गिअरमध्ये गाडी झटके देत निघत असेल तर क्लच उघडण्याआधी इंजिनाची माउंटिंगे (इंजिन ज्यांवर टेकते ते रबरी आधार) हलवून पाहावीत. फाटलेले रबर नेमका असाच थरकाप करते.

वायर : पेडल जड लागले की बहुतेकदा वायर आतून सुकलेली असते. प्ले नीट केल्यावर आठवड्यात पुन्हा वाढला तर वायरीचे तंतू एकेक करून तुटत आहेत असे समजावे. ती वाटेत तुटण्याआधी बदललेली बरी. नवी वायरही लवकर जळू लागली तर इंजिनाची अर्थ वायर (इंजिन व बॉडी यांना जोडणारी विजेची तार) तपासतात. ती सुटली किंवा गंजली असेल तर स्टार्टरचा प्रचंड विद्युतप्रवाह परतीची वाट क्लच वायरीतून काढतो. वाटेत वायर तुटलीच, तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाकतात आणि पुढे मोकळा रस्ता बघून स्टार्टर मारतात. गाडी हिसका देऊन सुरू होते. पुढचे गिअर इंजिनाचा वेग जुळवून, बळजबरी न करता टाकायचे आणि थांबायच्या वेळी न्यूट्रल करायचे. बॅटरी व स्टार्टर यांवर याचा ताण पडतो, म्हणून हा उपाय घरापर्यंतचा.

क्लच सेट बदलणे : बॅटरी काढून, गिअर ऑइल रिकामे करून आणि दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट ओढून घेतल्यावर इंजिनाला खालून आधार देऊन गिअरबॉक्स उतरवतात. (इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेल्या आणि ओढ मागच्या चाकांना असलेल्या ओम्नी व्हॅनमध्ये हेच काम वेगळ्या पद्धतीने होते.) रिव्हेटची डोकी अस्तराच्या पृष्ठभागाखाली अर्धा मिलिमीटरही उरली नसतील तर प्लेट संपली. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे हाउसिंगमधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बहुतेक गॅरेजांत नेमके उलटे केले जाते. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा चरे असतील तर लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट कापून) घेतात. नवी प्लेट मध्यभागी धरायला जुना इनपुट शाफ्ट हेच देशी अवजार चालते. हबच्या स्प्रिंगांची फुगीर बाजू प्रेशर प्लेटकडे येते. ती उलटी बसली तर सगळे पुन्हा खोलावे लागते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळतात. स्प्लाइनवर ग्रीसचा पातळसा हात पुरे, जास्त लावल्यास ते उडून अस्तरावर जाते.

जाड नव्या प्लेटमुळे डायफ्रॅमची बोटे पुन्हा आत जातात आणि प्ले एकदम वाढलेला आढळतो. जुन्या प्लेटसाठी सैल करत आणलेला नट आता आवळावा लागतो. हे राहून गेले तर नवाकोरा क्लचही रिव्हर्सला खरखरतो आणि दोष बिचाऱ्या प्लेटवर येतो.