कापड निवडण्याआधी एवढं वाचा

‘हे कापड चांगलं आहे ना?’ असं विचारलं की आम्ही उलट विचारतो, ‘काय शिवायचंय, आणि धुणार कसं?’ पडद्याला उत्तम ठरणारं कापड बाळाच्या झबल्याला अगदीच निरुपयोगी असू शकतं. फरक तीन ठिकाणी पडतो: तंतू कोणता, त्याचं सूत कसं कातलंय आणि कापड कसं विणलंय. लेबलवर बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट लिहिलेली असते.

तंतू आणि पाणी

कोरडा तंतू ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवला की त्यातली ओल शोषून घेतो. लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओल घेते, रेशीम ११, कापूस ७ ते ८, नायलॉन ४ आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. या आकड्यावरून कापडाच्या निम्म्या खोडी ओळखता येतात. ओल पिणारं कापड घाम टिपतं, अंगाला बरं वाटतं, पण सावकाश वाळतं. कापूस आणि लिनन चुरगळतातही. लोकर मात्र टांगून ठेवली की बऱ्यापैकी सावरते. पॉलिएस्टर चटकन वाळतं, इस्त्री फारशी मागत नाही, पण कोरड्या हवेत अंगाला चिकटतं आणि काढताना चटचटतं. तेलाचे डागही त्यावर हट्टाने बसतात.

मग खेळाडूंचे कपडे पॉलिएस्टरचे का? तंतू स्वतः पाणी पीत नाही, पण बारीक तंतूंमधल्या फटींतून घाम बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. त्यासाठी सूत आणि विणकाम मुद्दाम तसं करावं लागतं. साध्या पॉलिएस्टरच्या शर्टात हा अनुभव येईलच असं नाही.

ओल्या कापडाची ताकद हा वेगळाच विषय आहे. कापूस भिजल्यावर आणखी मजबूत होतो, म्हणून टॉवेल आणि चादरी घासून-पिळून धुतल्या तरी टिकतात. व्हिस्कोसचं उलट. लाकडाच्या लगद्यापासून बनलेला हा तंतू सुतीसारखाच थंड, मऊ आणि अंगावर सुंदर पडणारा, पण भिजला की त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. व्हिस्कोसचा कपडा पिळू नका, दाबून पाणी काढा. आमच्याकडे येणाऱ्या ‘कापड लगेच फाटलं’ या तक्रारींत बरेचदा हेच कारण निघतं.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात, कपडा दाट आणि लहान होतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. लोकर आणि रेशीम दोन्ही प्रथिनांचे तंतू, त्यामुळे धुण्याचा सोडा आणि क्लोरीनचं ब्लीच त्यांच्यापासून लांबच ठेवा. कापसाला सोडा चालतो.

सूत

कापसाचा तंतू साधारण २ ते साडेतीन सेंटिमीटर लांब असतो, असे हजारो तंतू पिळून धागा होतो. तंतू जितके लांब तितकी धाग्याबाहेर डोकावणारी टोकं कमी, आणि कापड तितकं गुळगुळीत. ‘कोंब्ड’ सुतात आखूड तंतू विंचरून काढून टाकलेले असतात, म्हणून ते महाग. रेशमाचा आणि पॉलिएस्टरचा धागा अखंड तंतूचाही असतो. चमक आणि निसरडेपणा येतो तो त्यामुळेच. ‘मर्सराइज्ड’ सुताची चमक मात्र कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेतून येते. सोड्याचा हा परिणाम जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये शोधला. सूत ताणून धरल्यावर चमक येते हे पुढे लक्षात आलं.

सुताचा काउंट जितका जास्त तितका धागा बारीक. डेनियरचं मोजमाप उलटं: ते ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा मोठा तर धागा जाड. चादरींवरच्या ‘थ्रेड काउंट’ला फार भुलू नका. एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे मोजायचे असतात. काही उत्पादक एका धाग्यात एकत्र पिळलेले पदरही वेगवेगळे मोजून आकडा फुगवतात.

पॉलिएस्टर-कॉटन मिश्रणावर गोळे का धरतात, हेही इथेच सांगतो. कापसाचे गोळे तुटून गळून पडतात. पॉलिएस्टरचे मजबूत तंतू त्यांना धरून ठेवतात.

वीण

साध्या विणीत ताणा-बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, एकाआड एक येतात: कापड घट्ट, टिकाऊ, थोडं ताठ. ट्विलमध्ये तिरक्या रेघा दिसतात. धागे कमी वेळा गुंतलेले असल्याने तेच सूत दाटही विणता येतं आणि कापड छान पडतंही. डेनिम त्यातलंच. सॅटिनच्या पृष्ठभागावर धागे लांबवर मोकळे असतात, म्हणून चमक येते आणि म्हणूनच अंगठीत किंवा नखात धागा ओढला जातो. सोफ्यासाठी आम्ही सॅटिन सुचवत नाही. होजिअरीत फासे असतात, ती ताणली जाते. तिला गोल टोकाची सुई लागते.

शिवण्याआधी

विणताना आणि फिनिशिंग करताना धागे ताणलेले असतात. पहिल्या धुण्यात तो ताण सुटतो आणि कापड आटतं. ‘सॅन्फोराइज्ड’ कापड कारखान्यातच दाबून आटवलेलं असतं, ते फारसं आटत नाही. बाकी सुती, लिनन आणि व्हिस्कोस कापडाचा तुकडा तपासून घ्या. त्यावर २० सेंटिमीटरचा चौकोन न पुसणाऱ्या पेनाने आखा, एरवी धुता तसाच धुवा, वाळवा आणि उभा-आडवा दोन्हीकडून मोजा. लांबी १९ भरली तर ५ टक्के आटलं. ३ मीटर लागणार असेल तर ३.२० मीटर घ्या, आणि अख्खं कापड धुऊनच शिंप्याकडे द्या. अस्तर लावायचं असेल तर त्याचाही तुकडा याच वेळी धुवा, कारण बाहेरचं कापड आणि अस्तर सारखं आटलं नाही की शिवण ओढली जाते.